त्या ७५ हजार वर्षांची गोष्ट कुठे आहे? : दिवाळी अंकांच्या संपादकांना खुले पत्र

मराठी दिवाळी अंकांच्या सर्व संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

देवगड तालुक्यातल्या एका 'ड' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. हे पत्र आषाढात लिहिते आहे, त्याला कारण आहे. तुमच्याकडे सध्या दिवाळीसाठी कथा निवडण्याचे काम चालू असेल. आमच्याकडे १ जूनपासून मासेमारी बंद आहे. होड्या वर ओढून शाकारून ठेवल्या आहेत, आणि जाळ्यांच्या दुरुस्तीतून मोकळे झाले की खलाशी दुपारचे वाचनालयात येऊन बसतात. आमचा वाचनाचा खरा हंगाम हाच. तुमचे गेल्या दिवाळीचे अंक या दिवसांत दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा घरोघर फिरतात, पावसाने फुगतात, त्यांची मुखपृष्ठे सुटतात आणि मी ती खळीने पुन्हा चिकटवते. तेव्हा तुमचे अंक शेवटी कोणाच्या हातात जातात हे मला तुमच्याइतकेच, कदाचित थोडे अधिक, ठाऊक आहे.

मागच्या पावसाळ्यात एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, असाच एक अंक नेला होता. वय साठीच्या पुढे, शाळा सातवीपर्यंत, पण छापलेले हाती लागले की शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. अंकात एक विज्ञानकथा होती. पुण्याचा शास्त्रज्ञ यानात बसतो, कळ दाबतो आणि पुढच्या परिच्छेदात दुसऱ्या दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या दुसऱ्या प्रचंड समूहात, उतरतो. तिथल्या लोकांची भांडणे आपल्यासारखीच असतात. तो त्यांना शांततेचा संदेश देतो आणि परत येतो. तांडेलाने अंक माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बाय, गोष्ट बरी आसा. पन तो थयसर पोचलो कसो, ता काय सांगल्यान नाय. आमका मालवणाक जावक चार-पाच तास लागतत."

मी देवघेवीच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर त्याला हिशोब करून दाखवला. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. वर्षभरात तो जेवढे अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ च्या सप्टेंबरात निघालेले व्हॉयेजर-१ हे अंतराळयान सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने जाते आहे. त्या वेगाने ४.२४ प्रकाशवर्षे कापायची तर सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. आणि हा झाला शेजारचा तारा. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तांडेल बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, "मगे त्या पंच्याहत्तर हजार वर्सांची गोष्ट खय आसा?"

संपादकहो, तोच प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते आहे.

मराठीत विज्ञानकथा नाही असे मी म्हणत नाही. प्रयोगशाळेतली कथा आहे, यंत्रमानवाची आहे, आता कृत्रिम बुद्धिमत्तेची तर दर अंकात आहे. मला जी हवी आहे ती तिच्यातलीच एक वेगळी जात. जिच्यात काळ कोटी वर्षांत मोजला जातो, जिच्यात एखादा तारा, एखादा तेजोमेघ किंवा सबंध दीर्घिका हेच पात्र असते, आणि जी वाचून झाल्यावर वाचक अंगणात येऊन वर बघतो. तिला विश्वकथा म्हणू. ती तुमच्या अंकांत मला फार क्वचित भेटते. ती लिहिली जात नाही म्हणून भेटत नाही, हे खरे नाही. मी लिहिली आहे आणि ती दोनदा परत आली आहे.

माझ्या कथेबद्दल सांगते. आत्मप्रौढी म्हणून नाही, ती ज्या कारणांनी परत आली ती कारणे तपासायची आहेत म्हणून.

विजयदुर्गावर ग्रहण पाहण्यासाठीचे 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली, तिच्यातून हेलियमचा शोध लागला, आणि म्हणून दर १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिन साजरा होतो. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी त्या दिवशी इथूनच ग्रहण पाहिले असे आमच्याकडे सर्रास सांगतात. ते बरोबर नाही. त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ग्रहण नसताना, २० ऑक्टोबरला, तिथूनच वर्णपट तपासला. ते विजयदुर्गाला आले तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, ब्रिटिश आरमाराच्या जहाजाची मदत घेऊन. मला हा खरा इतिहास जास्त सुंदर वाटतो. जो वायू आधी सूर्यावर सापडला, तो रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांना पृथ्वीवर १८९५ मध्ये मिळाला. त्यानंतर तीनच वर्षांनी लॉकियर आमच्या खाडीच्या तोंडाशी उभे राहून काळ्या पडलेल्या सूर्याकडे बघत होते.

माझी कथा तिथून सुरू होते आणि जगातल्या शेवटच्या खग्रास ग्रहणापाशी संपते. कारण खग्रास ग्रहणे कायमची नाहीत. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आणि सुमारे ४०० पट दूर, म्हणून आज दोन्ही बिंबे सारखी दिसतात. पण चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर दूर चालला आहे. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर टाकून हे अंतर मोजले गेले आहे. त्याला दूर ढकलते कोण? भरती. चंद्राने वर ओढलेला पाण्याचा फुगवटा पृथ्वीच्या फिरण्याबरोबर थोडा पुढे जातो आणि चंद्राला पुढे खेचतो. त्याची कक्षा रुंदावते, पृथ्वीचे फिरणे मंदावते, दिवस लांबतो. १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या रोजच्या वाढीच्या रेघा मोजल्या, तेव्हा वर्षात सुमारे ४०० दिवस निघाले. दिवस लहान होता. सुमारे ६० कोटी वर्षांनी चंद्राचे बिंब सूर्याला पुरते झाकण्याइतके मोठे दिसणार नाही. तिथून पुढे फक्त कंकणाकृती.

म्हणजे वाघोटनच्या खाडीत दिवसातून दोनदा जे पाणी चढते, मुळे-कालवे काढणाऱ्या बायका ज्याच्या उतरण्याची वाट बघतात, तेच पाणी दर वर्षी पेराएवढे काम करून सूर्यग्रहण संपवते आहे. आजच्याच वेगाने धरले तर ६० कोटी वर्षांत ती सरक सुमारे २३ हजार किलोमीटर भरते. माझ्या कथेची नायिका ही भरती आहे. तिला बोलता येत नाही, तिला हेतू नाही. ती फक्त येते आणि जाते.

एका संपादकांनी कळवले, "कल्पना चांगली आहे, पण यात माणूस कुठे आहे? शिवाय कोकणातल्या लेखिकेकडून मातीतली कथा अपेक्षित आहे."

दुसऱ्यांनी एका ओळीत सांगितले, "आमच्या वाचकाला इतक्या लांबचं झेपत नाही."

दोन्ही उत्तरे सभ्य होती. मी ती बरेच दिवस मनात घोळवली. आधी मातीचे बोलते. कोकण म्हटले की भुते, आंबा, म्हातारी आजी आणि गणपतीला येणारे चाकरमानी, एवढेच आमच्याकडून मागवले जाते. आम्ही ते लिहितो, प्रेमाने लिहितो. पण माती म्हणजे तेवढीच नाही. सह्याद्रीचा काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा आहे. आणि ज्या पाण्याकडे आम्ही रोज बघतो त्याच्या पलीकडची सेशेल्स बेटे त्यानंतर काही काळाने भारताच्या याच अंगापासून तुटून निघाली. आमचा किनारा ही त्या तुटण्याची कड आहे. इथे राहून कोटी वर्षांचा विचार करणे म्हणजे घर सोडून कुठे लांब जाणे नव्हे. कातळशिल्पे बघा. उक्षी, बारसू, कशेळीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, हजारो वर्षांपूर्वी कोणी जांभ्यात चित्रे खोदली, कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा आहे की जवळ उभे राहिले तर तो कळतच नाही. ज्यांना ते खोदायचे सुचले त्यांना आपल्या अंगापेक्षा मोठ्या मापाची भीती वाटत नव्हती.

आता झेपण्याचे. आमच्याकडचा न शिकलेला माणूससुद्धा भरतीची वेळ तोंडी काढतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ढोबळ आहे, पण होडी लावायला पुरते. हा चंद्राच्या गतीचा हिशोब आहे आणि तो आमच्या बोटांवर आहे. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी, हे विचारायला कोणी पंचांग उघडत नाही. मग याच माणसांना चंद्र दूर चालला आहे ही गोष्ट झेपणार नाही असे कोणी ठरवले?

कानांचेही तेच. जत्रेत दशावतार मध्यरात्री सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. संकासूर वेद पळवून समुद्रात नेतो इथपासून कथा सुरू होते, आणि पोरे-बाळे मांडीवर घेऊन माणसे बसलेली असतात. रत्नागिरीकडच्या जाखडी नाचात शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना भेदिक सवाल टाकतात. सृष्टीच्या आधी काय होते, प्रकृती आधी की पुरुष आधी. हल्ली चित्रपटांच्या चाली फार शिरल्या आहेत, तरी जुन्या शाहिराने असा सवाल टाकला की मांडव गप्प होतो हे मी पाहिले आहे. पुराणांतला ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मोजले जाते. हे आकडे जवळ आले म्हणून आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे मी मुळीच म्हणत नाही, तसे म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. एक मोजून काढलेला आकडा आहे, दुसरा कल्पनेचा. माझे म्हणणे एवढेच की आपल्या कानांना कोटींची सवय आहे. शेकडो वर्षांची. एवढ्या मोठ्या काळाची गोष्ट ऐकताना आपला श्रोता उठून जात नाही.

माणूस कुठे आहे, या प्रश्नाला मात्र मी नीट उत्तर द्यायला हवे, कारण तो प्रश्न खरा आहे.

आमच्याच गावचे जहाजावर नोकरी केलेले एक गृहस्थ निवृत्त झाल्यावर पुस्तकांचा एक खोका वाचनालयाला देऊन गेले. त्यात ओलाफ स्टेपलडन या इंग्रज लेखकाच्या दोन कादंबऱ्या होत्या. शब्दकोश शेजारी ठेवून दोन पावसाळे मी त्या वाचल्या. १९३० सालची पहिली. तिच्यात मानवाच्या पुढच्या २०० कोटी वर्षांचा इतिहास आहे, एकामागून एक १८ मानवजाती, आपण त्यांतली पहिली. १९३७ सालची दुसरी त्याहून अफाट. एक माणूस रात्री घराजवळच्या टेकडीवर जाऊन बसतो. खाली वस्तीचे दिवे, पलीकडे समुद्र. तिथून त्याचे मन सुटते आणि ग्रह, तारे, दीर्घिका ओलांडत विश्वाच्या आरंभापासून अंतापर्यंत जाते. वाटेत तारे जिवंत असतात, विचार करतात. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी १९६० साली ताऱ्याभोवती वस्ती करून त्याची सगळी ऊर्जा वापरणाऱ्या संस्कृतीची कल्पना मांडली, तिचे बीज या कादंबरीत सापडले हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. कादंबरीचा शेवट पुन्हा त्याच टेकडीवर होतो. तो माणूस खाली आपल्या घराकडे बघतो.

मी ते पान वाचले तेव्हा वाचनालय बंद करून सड्यावर गेले होते. आमचा सडाही तसाच. खाली घरांचे दिवे, पुढे समुद्र. (हल्ली समुद्रावर एलईडीच्या मासेमारीचा उजेड इतका असतो की क्षितिजाजवळचे तारे धुऊन निघतात, आणि त्याविरुद्ध लढणारे आमचे पारंपरिक मच्छीमार आपल्या माशांसाठी लढताना नकळत ताऱ्यांसाठीही लढत आहेत.) तेव्हा मला कळले की त्या कादंबरीत माणूस आहे, पहिल्या आणि शेवटच्या पानावर आहे, आणि मधली कोट्यवधी वर्षे वाचताना तो मी होते. विश्वकथेत माणूस असतो तो वाचकाच्या जागी. त्याला यानात बसवून नाव-गाव-बायको दिले नाही तरी चालते.

आणखी एक गोष्ट मला त्या लेखकाबद्दल फार जवळची वाटते. तो लिव्हरपूलच्या परिसरात राहायचा आणि कामगारांच्या संध्याकाळच्या वर्गांत शिकवायचा. ज्याने विश्वाचा एवढा मोठा पट मांडला, त्याच्यासमोर दिवसभर राबून आलेली माणसे बसत. त्यांना हे झेपणार नाही असे त्याला वाटले नसावे.

आपल्याकडे जयंत विष्णू नारळीकर होते. २० मे २०२५ ला ते गेले, त्या आठवड्यात मी त्यांची सगळी पुस्तके कपाटातून काढून दाराजवळच्या टेबलावर मांडली. महिनाभरात टेबल रिकामे झाले होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कृष्णविवरावरची कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आपली आद्याक्षरे उलटी करून. तिला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षकांनी नाव नाही, कथा वाचली. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एवढा मान विश्वाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला देणारी भाषा आपली आहे, आणि तरी त्यांच्यानंतर कृष्णविवरापर्यंत जाणारे फार थोडे दिसतात. त्यांचे गुरू फ्रेड हॉयल हेही कथालेखक. १९५७ च्या त्यांच्या कादंबरीत सूर्यमालेत शिरलेला वायूचा अवाढव्य मेघ विचार करणारा निघतो. हॉयल आणि नारळीकर दोघेही विश्वाला आरंभ आहे हे मानायला तयार नव्हते. बहुसंख्य शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला गेले, १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या महास्फोटाच्या बाजूला, आणि पुरावाही तिकडेच झुकला. पण कथाकाराच्या दृष्टीने बघा. आरंभ असलेले विश्व आणि आरंभ नसलेले विश्व यांत दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी घडतील. जाखडीतला भेदिक सवाल आणि विश्वरचनाशास्त्रातला वाद एकाच ठिकाणी येऊन उभा आहे. एवढे मोठे भांडवल हाताशी असताना आपण ते वापरू नये, याचे मला वाईट वाटते.

२०१७ साली पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या शास्त्रज्ञांनी दीर्घिकांचा एक महासमूह शोधून काढला आणि त्याला 'सरस्वती' नाव दिले. तो आपल्यापासून ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आणि सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे लांब पसरलेला आहे. हा आकडा वाचून मी कथा पुन्हा लिहायला घेतली. विश्वाचे प्रसरण क्षणभर बाजूला ठेवले, तर त्या महासमूहाच्या एका टोकाकडून आज निघालेला प्रकाश दुसऱ्या टोकाला पोचेल, तेव्हा इकडे शेवटचे खग्रास ग्रहण लागलेले असेल. एक बाजूला खाडीतले पाणी, दुसऱ्या बाजूला ती प्रकाशाची चाल. दोघांचा प्रवास एकाच वेळी संपतो. त्या वेळी विजयदुर्ग नसेल, तो ज्या कातळावर आहे तो कातळ नसेल, भारत कुठल्या अक्षांशावर असेल सांगता येत नाही. म्हणून नव्या कथेत गड मी पहिल्या पानानंतर सोडून दिला. फक्त पाण्याची कड ठेवली.

विश्वकथा म्हणून जे लिहिले जाते त्यातले पुष्कळ वाईट असते, हे मला मान्य आहे. शून्ये फेकली की भव्यता येते अशी समजूत असते. कोटी म्हटले काय आणि अब्ज म्हटले काय, वाचकाच्या हातात काही येत नाही. पाऊणपटीसारखे एखादे घरचे माप दिले तर तोच आकडा अंगाला भिडतो. मी मुलांना व्हॉयेजर सांगते तेव्हा केसरबाई केरकरांपासून सुरू करते. आपल्या शेजारी गोव्यात, केरी गावात जन्मलेली ही गायिका. तिची भैरवी सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर घालून त्या यानाबरोबर पाठवली आहे, शिवाय मराठीतला नमस्कारही. ते यान आता २५०० कोटी किलोमीटरच्या पलीकडे गेले आहे. सुमारे ४० हजार वर्षांनी ते एका ताऱ्याजवळून जाईल, आणि तेही दीड प्रकाशवर्षाहून अधिक अंतर राखून. मुले भैरवी फोनवर ऐकतात आणि मग विचारतात, "बाई, तिथे ती वाजते का?" वाजत नाही. निर्वातात शांत पडून आहे. ४० हजार वर्षे कोणीही न ऐकलेली भैरवी, यावर मला मराठीत कथा वाचायची आहे. मी नाही लिहिली तरी चालेल, कोणीतरी लिहावी.

तर तुमच्याकडे माझे मागणे. तीन हजार शब्दांची अट या कथांना लावू नका. काळ मोठा असतो तेव्हा वाचकाला त्यात उतरायला वेळ द्यावा लागतो. माझी दहा-अकरा हजारांच्या घरात जाते आणि त्यातली काही पाने निव्वळ पाण्याची आहेत. ती काढून टाकली तर ६० कोटी वर्षे उरतच नाहीत. दर अंकात एक तरी दीर्घ विश्वकथा असू द्या. ती लेखकाचे नाव झाकून वाचा.

भाषेला हात लावताना विचार करा. माझ्या एका लहान कथेत 'दीर्घिका' होते तिथे सगळीकडे 'गॅलेक्सी' छापून आले, 'श्वेतबटू'चे 'व्हाइट ड्वार्फ' झाले, वाचकाला सोपे जावे म्हणून. श्वेतबटू या शब्दात तर वामन उभा आहे. ज्याला तो कळतो त्याला सूर्य सुमारे पाचशे कोटी वर्षांनी फुगून, टरफले टाकून केवढासा होऊन बसणार आहे हे चित्र आपोआप दिसते. ही घडवलेली, रुळलेली परिभाषा आहे. ती छापली नाही तर मरेल.

आकडे मात्र जाणकाराकडून तपासून घ्या. प्रकाशवर्ष हे काळाचे माप समजून "कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी" असे लिहिलेले मी छापील अंकात वाचले आहे, आणि नववीतल्या एका मुलीने ते पेन्सिलने खोडून माझ्याकडे आणून दाखवले. पुण्या-मुंबईत हे तपासून देणारी माणसे आहेत, संस्था आहेत. विचारले तर ती आनंदाने वेळ देतील असा माझा अनुभव आहे. आणि कृपा करून शेवटी बोध मागू नका. तारा विझतो तेव्हा तो आपल्याला काही शिकवायला विझत नाही.

माझी कथा या वेळी तुम्हा सर्वांना पाठवणार आहे. अजून पाठवलेली नाही. हस्तलिखित आधी त्या तांडेलाला वाचायला दिले होते, ते परवा परत आले. पहिल्याच पानावर मी १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी खाडीला ओहोटी आणि उघडा पडलेला चिखल दाखवला होता. त्याने तिथे पेन्सिलने फुली मारली आहे. सूर्यग्रहण म्हणजे अमावास्या, अमावास्येला दुपारी खाडी तुडुंब असते, उधाणाची भरती नुकती होऊन गेलेली. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ते पान बदलले.

शेवटच्या पानावरही त्याने एक ओळ लिहिली आहे. "तवा दीस लांब झालो आसतलो, मगे पाऊणपट चलाची नाय. नवो हिशोब घाल."

बरोबर आहे. आजच्या तासांत मोजलेला दिवस लांबला की तिथी आणि भरतीचे नाते बदलणार, आणि ६० कोटी वर्षांनंतरच्या त्या किनाऱ्याला पाऊणपटीच्या जागी दुसरा गुणक लागणार. तो काढायला बसले आहे. निघाला की कथा पोस्टात टाकते.

आपली,
एक ग्रंथपाल
देवगड तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग